तोंडातून गेलेला नवस: हिब्रू शास्त्राप्रमाणे तो कसा फेडायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ‘हे नीट पार पडले तर एका महिन्याचा पगार देवाला देईन’ असे बोलून गेलो. वडील बरे झाले, दोन वर्षे लोटली, पैसे दिले नाहीत. हिब्रू शास्त्राप्रमाणे (ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात) आता काय करायचे? रक्कम कमी करता येते का, बदली दुसरे काही चालते का, की हे सगळे मोशेच्या काळापुरतेच होते?

आधी थेट उत्तर. शास्त्राच्या नजरेत हे कर्ज आहे आणि त्याची मुदत उलटली आहे. व्याज मात्र चढलेले नाही. रक्कम मनाने कमी करता येत नाही. बदली वस्तूचे नियम आहेत, पण ते तुमच्या नवसाला लागू होत नाहीत. कारणे सांगायला थोडे मागे जावे लागेल.

आपण कर्ज ‘फेडतो’ आणि नवसही ‘फेडतो’. हिब्रूतही हाच प्रकार आहे. अलीशा संदेष्टा विधवेला सांगतो, तेल विक आणि देणे फेड (२ राजे ४:७). स्तोत्रकर्ता म्हणतो, मी परमेश्वराला केलेले नवस सर्व लोकांसमक्ष फेडीन (स्तोत्र ११६:१४). दोन्हीकडे क्रियापद एकच आहे, ‘शिल्लेम’: राहिलेले पुरे करणे, चुकते करणे. म्हणून नवस म्हणजे भक्तीची एक भावना असे धरून शास्त्र वाचले की पुढचे सगळे नियम रुक्ष आणि हिशेबी वाटतात. तो देण्याचा व्यवहार आहे असे धरले की प्रत्येक नियम जागेवर बसतो.

शब्द चार आहेत आणि ते वेगळे ठेवावेत. ‘नेदेर’ म्हणजे नवस. ‘नेदावा’ म्हणजे स्वखुशीचे अर्पण. ‘शेवुआ’ म्हणजे शपथ. ‘इस्सार’ म्हणजे एरवी मोकळी असलेली गोष्ट स्वतःवर बंद करून घेणे. मराठी नवसाला बहुतेक वेळा ‘जर’ असतोच: मुलगा झाला तर, नोकरी लागली तर. नेदेरला तो लागतोच असे नाही. याकोबाचा नवस सशर्त आहे (उत्पत्ती २८:२०–२२), पण परमेश्वरासाठी ठिकाण सापडेपर्यंत डोळ्याला डोळा लागू देणार नाही हा दावीदाचा नवस (स्तोत्र १३२:२–५) बिनशर्त आहे.

नेदेर आणि नेदावा यांतला फरक मिश्ना, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मपंडितांच्या) नियमांचा जुना संग्रह, एका ओळीत सांगते. ‘माझ्यावर एक बोकड’ असे म्हटले तर तो नेदेर. ‘हा बोकड’ असे म्हटले तर ती नेदावा. नेदेरसाठी बाजूला काढलेला बोकड मेला किंवा चोरीला गेला तर दुसरा आणावा लागतो, कारण देणे माणसाच्या डोक्यावर होते. नेदावेचा बोकड मेला तर प्रश्न मिटला, कारण बांधिलकी त्या जनावरापुरतीच होती. लेवीय २२:२३ मध्येही हा फरक दिसतो. अवयव जास्त लांब किंवा आखूड असलेला बैल किंवा मेंढरू स्वखुशीचे अर्पण म्हणून चालते, नवसाच्या फेडीला चालत नाही. स्वखुशीने दिलेल्यात थोडे चालवून घेता येते. देण्यात तसे चालत नाही. ‘देईन’ हा तुमचा शब्द नेदेरच्या बाजूचा आहे.

मूळ कायदा ‘अनुवाद’ या पुस्तकात, २३:२१–२३ मध्ये आहे. (हिब्रू प्रतींत याच ओळींना २२ ते २४ असे क्रमांक असतात. गणना ३० आणि उपदेशक ५ मध्येही एकाचा फरक पडतो. ज्यू मित्राबरोबर वाचताना गोंधळ होतो तो यामुळे.) त्यात सांगितले आहे: नवस केलास तर फेडायला उशीर लावू नकोस, परमेश्वर तो तुझ्याकडून मागून घेईल, नवस केलाच नाहीस तर तुला पाप नाही, ओठांतून निघाले ते पाळ. मधली ओळ लोक वाचून पुढे जातात, पण कायद्याचा कल तिथेच आहे. नवस करा असे तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तके, कुठेच सांगत नाही. उपदेशक ५:५ तर म्हणतो, नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेलाच बरा. नीतिसूत्रे २०:२५ घाईने ‘हे पवित्र’ म्हणून नंतर विचार करणाऱ्याला सापळ्यात अडकलेला म्हणते.

ओठांतून निघणे ही अटच आहे. मनात आले, बोलले नाही, तर साधा नवस होत नाही. याला ज्यू परंपरा एक अपवाद करते: यरुशलेमच्या मंदिराचे अर्पण आणि पुढे दानधर्म यांत मनाचा पक्का निश्चयही धरावा असे मत आहे, कारण तिथे शास्त्र ‘ज्याच्या मनाला वाटेल त्याने’ असे शब्द वापरते. तुम्ही बोलला आहात, तेव्हा हा वाद तुमच्यापुरता मिटला.

आता मुदत. ‘उशीर लावू नकोस’ म्हणजे किती? तालमुदात, म्हणजे मिश्नेवरच्या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, यावर लांब चर्चा आहे आणि निष्कर्ष तीन सणांचा आहे: वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मांडवांचा सण. यरुशलेमेला जायचेच असे हे तीन प्रसंग, म्हणून नवसाचे जनावर तेव्हाच न्यावे. पहिला सण चुकला की कर्तव्यात कसूर झाली आणि तीन सण गेले की मनाई मोडली. म्हणजे कमाल मुदत ढोबळ वर्षभराची. गरिबांना द्यायच्या पैशाला मात्र ही सवलत नाही. त्याची मुदत आजच संपते, कारण गरीब समोरच उभा आहे.

उशिराचे शास्त्रातले जुने उदाहरण याकोबाचे. बेथेलला नवस बोलून तो गेला, मामा लाबानाकडे वीस वर्षे राहिला आणि परत आल्यावर शखेमाजवळ जमीन घेऊन थांबला. तिथे त्याच्या मुलीवर, दीनेवर, अत्याचाराचे प्रकरण घडले. त्यानंतर देवाने सांगितले, ऊठ, बेथेलास जा (उत्पत्ती ३५:१). मजकूर कार्यकारण जोडत नाही. मिद्राश, म्हणजे शास्त्रावरचे रब्बींचे जुने भाष्य, मात्र स्पष्ट जोडते: नवस लांबला म्हणून हिशेबाची वही उघडली गेली.

आता फेडीचा तपशील. इथे चुका जास्त होतात.

जनावराचा नवस असेल तर ते निर्दोष लागते. आंधळे, मोडके, लुळे, वाहत्या जखमेचे, खरजेचे किंवा अंड ठेचलेले, फाटलेले वा कापलेले चालत नाही (लेवीय २२:२२–२४). आठ दिवसांच्या आतले पिल्लूही चालत नाही. कळपात धडधाकट नर असताना तो बोलून व्यंग असलेला आणणाऱ्याला मलाखी १:१४ ठग म्हणून शाप देते. ठरवलेले जनावर बदलता येत नाही, वाईटाच्या जागी चांगले देऊनसुद्धा नाही. बदललेच तर दोन्ही पवित्र ठरतात (लेवीय २७:१०). चांगल्यासाठी बदल करायलाही मनाई का, असा प्रश्न येतो. चांगल्यासाठी एकदा मोकळीक दिली की चांगले-वाईट ठरवणारा मालकच असतो, आणि गोठ्यातला सगळ्यात मरतुकडा बैल ‘खरे तर जातिवंत’ ठरायला वेळ लागत नाही. कोणत्याही बैलबाजारात तासभर उभे राहिलेल्या माणसाला हे पटवावे लागणार नाही.

वेश्येची कमाई आणि ज्याला शास्त्र ‘कुत्र्याची किंमत’ म्हणते ते पैसे नवसाला चालत नाहीत (अनुवाद २३:१८). जनावराच्या पहिल्या पिल्लाचा नवस करता येत नाही, कारण ते मुळातच देवाचे असते (लेवीय २७:२६). यातूनच पुढचा नियम निघाला: जे आधीच द्यायचे आहे त्यातून नवस फिटत नाही. दशमांशाचे पैसे नवसाकडे वळवणे म्हणजे एका सावकाराच्या पैशाने दुसऱ्याचे कर्ज फेडणे.

बळीबरोबर पीठ, तेल आणि द्राक्षारस द्यावा लागतो आणि ही मापे गणना १५ मध्ये ठरलेली आहेत. मेंढराला एफाचा दहावा भाग सपीठ, पाव हिन तेल, पाव हिन द्राक्षारस. एडक्याला दोन दशांश एफा आणि तेल व द्राक्षारस प्रत्येकी हिनाचा तिसरा भाग. बैलाला तीन दशांश एफा आणि प्रत्येकी अर्धा हिन. एफा साधारण २२ लिटरचा आणि हिन साडेतीन लिटरच्या थोडा वर धरला तर मेंढरामागे सव्वादोन लिटरच्या मापाभर पीठ येते. ही मापे हाताशी ठेवून नवसाने शमुवेल हा मुलगा झालेल्या हन्नाची गोष्ट वाचावी. शमुवेलाला शिलोच्या देवस्थानी नेताना तिने एक एफा पीठ आणि द्राक्षारसाचा बुधला नेला. हिब्रू मजकुरात बैल तीन आहेत, तर ग्रीक भाषांतरात आणि मृत समुद्राजवळ कुमरानला सापडलेल्या जुन्या गुंडाळीत ‘तीन वर्षांचा बैल’ आहे. तीन बैलांना नियमाने नऊ दशांश एफा पीठ लागते, म्हणजे जवळजवळ तिने नेले तेवढेच. मूळ पाठ कोणता यावर पंडित भांडतात. पीठ हिब्रू पाठाच्या बाजूने साक्ष देते, इतके मात्र खरे.

ठिकाणही ठरलेले आहे. परमेश्वर निवडील त्याच जागी नवस आणायचा, आपल्या गावच्या वेशीत खायचा नाही (अनुवाद १२:१७–१८). नवस शांत्यर्पणाचा असेल तर चरबी वेदीवर, ऊर याजकांना, उजवी मांडी बळी देणाऱ्या याजकाला आणि उरलेले मांस नवस करणाऱ्याला. ते त्याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी खायचे. तिसऱ्या दिवशी उरले ते जाळायचे, खाल्ले तर अर्पणच बाद (लेवीय ७:१६–१८). उपकारस्तुतीच्या अर्पणाला एकच दिवस मिळतो. या दोन दिवसांमागचा व्यवहार लक्षात घ्या. अख्खा बैल एका कुटुंबाला दोन दिवसांत संपत नाही. खारवून ठेवता येत नाही. मग मुले, दासदासी, गावातला लेवी (मंदिरसेवेच्या वंशातला माणूस), वाटेवरचा भुकेला यांना बोलवावेच लागते. स्तोत्र २२:२५–२६ मध्ये ‘मी आपले नवस फेडीन’ आणि ‘दीन जन जेवून तृप्त होतील’ ही वाक्ये एकापाठोपाठ येतात, कारण प्रत्यक्षातही त्या एकाच पंगतीच्या दोन बाजू होत्या. लोकांसमक्ष फेडण्याचा दुसरा फायदा असा की साक्षीदार मिळतात.

माणसाचा नवस, म्हणजे ‘मी स्वतःला’ किंवा ‘मुलीला देवाला वाहतो’ असे बोलणे, हा मंदिराला पैसे देऊन फेडायचा असतो. लेवीय २७ मध्ये दरपत्रकच आहे. वीस ते साठ वर्षांचा पुरुष ५० शेकेल, स्त्री ३०. पाच ते वीस वर्षांचा मुलगा २०, मुलगी १०. महिना ते पाच वर्षे, मुलगा ५, मुलगी ३. साठीच्या पुढे पुरुष १५, स्त्री १०. शेकेल २० गेरांचा. उत्खननात सापडलेली शेकेलची दगडी वजने साधारण ११.३ ग्रॅमची आहेत, म्हणजे ५० शेकेल सुमारे ५६५ ग्रॅम चांदी. पण वजनापेक्षा मजुरीशी तुलना बोलकी ठरते. शास्ते १७:१० मध्ये मीखा आपल्या घरच्या लेव्याला वर्षाला दहा शेकेल, कपडे आणि जेवण देतो. म्हणजे स्वतःला वाहून घेणाऱ्या धट्ट्याकट्ट्या माणसाला पाच वर्षांची रोकड मोजावी लागायची. हा भावनेच्या भरात पेलणारा आकडा नव्हे. म्हणून आठव्या ओळीत सूट आहे: ऐपत नसेल तर याजकापुढे उभे राहायचे आणि त्याने कुवत पाहून रक्कम ठरवायची. आकडा कमी होतो, पण दुसऱ्याच्या तोंडून. ही सूट या दरपत्रकापुरतीच आहे. ‘एका महिन्याचा पगार’ अशी स्वतः ठरवलेली रक्कम तिच्यात बसत नाही.

घर किंवा अशुद्ध जनावर, म्हणजे गाढव, उंट वगैरे, वाहिले तर याजक किंमत ठरवतो. मालकाला ते परत हवे असेल तर वर पाचवा हिस्सा. शेताचा हिशेब पेरणीवर आहे: एक होमेर, म्हणजे दहा एफा, जव पेरता येईल एवढ्या जमिनीला ५० शेकेल, योबेल वर्षापासून, म्हणजे जमिनी मूळ मालकाकडे परतायच्या पन्नासाव्या वर्षापासून, पुढच्या योबेलपर्यंत. निम्मा काळ सरला असेल तर किंमत २५ आणि मालकाने सोडवले तर ३०. (पाचवा हिस्सा सरळ वाचला तर वीस टक्के. रब्बी मात्र तो एकूण रकमेचा पाचवा धरतात, त्यामुळे मूळ किमतीवर पंचवीस टक्के होतात.) वडिलोपार्जित शेत सोडवलेच नाही तर योबेलला ते याजकांचे होते. विकत घेतलेले शेत योबेलला मूळ मालकाकडे जाते. ‘हेरेम’ म्हणून, म्हणजे कायमचे समर्पित म्हणून दिलेले विकता किंवा सोडवता येत नाही. त्यामुळे बोलताना कोणता शब्द तोंडातून गेला यावर सगळे अवलंबून असायचे.

हा पाचवा हिस्सा म्हणजे उशिराचा दंड असा समज सर्रास दिसतो. तसा नाही. तो वाहिलेली वस्तू परत घेताना, किंवा पवित्र वस्तू चुकून वापरली गेल्यावर (लेवीय ५:१६) द्यायचा असतो. उशिराला पाप आहे, ठरलेला दंड नाही. म्हणून सुरुवातीला व्याज चढले नाही असे म्हटले.

नाजीर नवस, म्हणजे काही काळ स्वतःला देवासाठी वेगळे ठेवण्याचा नवस, स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तरी लोक तिथेच जास्त गोंधळतात म्हणून थोडे. पुरुष किंवा स्त्री, कोणीही हा करू शकते (गणना ६). द्राक्षारस, शिरका, द्राक्षे, मनुका, बियांपासून सालीपर्यंत सगळे वर्ज्य. डोक्याला वस्तरा नाही. प्रेताला जवळ जायचे नाही, आईवडिलांच्यासुद्धा नाही. मुदत बोलली नसेल तर मिश्ना तीस दिवस धरते. कोणी शेजारी अचानक मेला की सातव्या दिवशी मुंडण, आठव्या दिवशी दोन पारवे किंवा होले, दोषबलीचे एक कोकरू आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून. मागचे सगळे वाया. मुदत संपल्यावर एक वर्षाचे नर कोकरू होमासाठी, एक वर्षाची मेंढी पापबली म्हणून, एक एडका शांत्यर्पणाला, बेखमीर पोळ्यांची टोपली, आणि कापलेले केस शांत्यर्पणाखालच्या विस्तवात. एवढा खर्च झेपत नसल्याने गरीब नाजीरांचा खर्च सधन लोक उचलत. नव्या करारात पौल चौघांचा खर्च उचलतो तो हाच (प्रेषितांची कृत्ये २१). मिश्नेत अदियाबेन या मेसोपोटेमियातल्या जुन्या राज्याची राणी हेलेना येते. मुलगा युद्धातून सुखरूप आला तर सात वर्षे नाजीर राहीन असे ती बोलली, तो आला, तिने सात वर्षे पाळली. मग ती इस्रायलात आली. बाहेरच्या देशातली वर्षे धरत नाहीत असे हिल्लेल या पंडिताच्या शाळेने सांगितल्यावर आणखी सात पाळली. शेवटी अशुद्धता लागली, पुन्हा सात. एकूण एकवीस. रब्बी यहूदा चौदाच म्हणतात. अटी नीट न विचारता बोललेल्या नवसाचे असे होते.

दुसऱ्याच्या अधिकाराखाली असलेल्या व्यक्तीचा नवस गणना ३० मध्ये येतो. बापाच्या घरी असलेल्या मुलीचा नवस बाप आणि बायकोचा नवस नवरा रद्द करू शकतो, पण ऐकले त्याच दिवशी. गप्प राहिला तर नवस पक्का. दिवस संध्याकाळी संपतो, म्हणून सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास कानावर आले तर मुदत अर्ध्या तासाचीच. उशिराने रद्द केला तर दोष त्याच्या डोक्यावर. विधवेचा आणि टाकलेल्या स्त्रीचा नवस तिचा तिलाच बांधतो. आजच्या वाचकाला हे खटकते आणि ते खटकायलाच हवे. तरी मजकुराचा जोर कुठे आहे तो पाहावा: रद्द करायला एक दिवस, आणि गप्प राहणे म्हणजे होकार.

आता शास्ते ११ मधला सरदार इफ्ताह. युद्ध जिंकले तर घराच्या दारातून जे सामोरे येईल ते परमेश्वराला होम म्हणून अर्पीन, असे तो बोलला आणि एकुलती मुलगीच सामोरी आली. ‘नवस बोलला की पाळायचाच, बघा इफ्ताहाने मुलगी दिली’ असा धडा त्यातून काढला जातो, तो मला साफ चुकीचा वाटतो. माणसाचा बळी अनुवाद १२:३१ मध्ये परमेश्वराला वीट आणणारा म्हणून निषिद्ध आहे. निषिद्ध गोष्टीचा नवस फेडायचा नसतो. मुलीच्या वयाप्रमाणे लेवीय २७ चा दर दहा किंवा तीस शेकेल झाला असता. मिद्राशात यावर दोन मते आहेत: रब्बी योहानान म्हणतात, तिची किंमत द्यायला हवी होती, रेश लाकीश म्हणतात, तीही नाही, कारण नवस मुळात झालाच नव्हता. मग कोणी सोडवले का नाही? मिद्राश म्हणते, महायाजक फिनहास म्हणाला मी त्या अडाण्याकडे कशाला जाऊ, आणि इफ्ताह म्हणाला मी सरदार, मी त्याच्याकडे कशाला जाऊ. दोघांच्या तोऱ्यात मुलगी गेली. मध्ययुगातले काही भाष्यकार म्हणतात की तिला मारले नाही, आयुष्यभर अविवाहित, एकटी ठेवले. मजकुराचा सरळ अर्थ तितका सौम्य नाही.

यातूनच सुटकेचा प्रश्न येतो. शास्त्रात नवस सोडवण्याची अशी वेगळी पायरी स्पष्ट लिहिलेली नाही. मिश्ना स्वतःच कबूल करते की नवस सोडवण्याचे नियम हवेत तरंगतात, त्यांना टेकायला काही नाही. तरी व्यवहार पक्का आहे. जाणकार एक किंवा साधे तिघे बसतात. नवस जसा बोलला तसा सांगावा लागतो, मोघम चालत नाही. मग ते ‘दार’ शोधतात: हे आधी माहीत असते तर बोलला असतास का? उत्तर मनापासून ‘नाही’ असेल, किंवा मुळात बोलल्याचाच पस्तावा असेल, तर ते ‘तुला मोकळे आहे’ असे तीनदा म्हणतात आणि नवस मुळापासून नाहीसा होतो. नवरा रद्द करतो तो पुढच्यापुरता, हे तिघे सोडवतात ते सुरुवातीपासून. ‘पैसे द्यायचे जिवावर आले’ हे दार होत नाही. उपदेशक ५:६ जे म्हणतो, दूतासमोर ‘चूक झाली’ म्हणू नकोस, ते याच सबबीला उद्देशून आहे. दूत म्हणजे वसुलीला आलेला मंदिराचा माणूस, असा अर्थ पुष्कळ भाष्यकार घेतात.

योम किप्पुरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, संध्याकाळी ‘कोल निद्रे’ हे नवसांबद्दलचे वचन म्हटले की वर्षाचे सगळे नवस सुटतात, हा आणखी एक गैरसमज. बाराव्या शतकात रब्बेनू ताम यांनी त्यातला काळ भूतकाळातून येत्या वर्षाकडे वळवला आणि अश्केनाजी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातल्या, ज्यूंत तो रूढ झाला. लक्षात असलेला आणि फेडता येण्याजोगा नवस त्याने सुटत नाही. माणसामाणसांतल्या देण्याशी तर त्याचा संबंधच नाही. याच भीतीने ज्यू घरांत साधे ‘उद्या करतो’ म्हणतानाही ‘बली नेदेर’, म्हणजे नवस नव्हे, असे जोडायची सवय आहे. सत्कृत्य करीन असे म्हणणेही नवसाच्या जवळ जाते, म्हणून ही काळजी.

मराठी भाषकांत याचे खरे धागे बेने इस्राएल या ज्यू समाजात सापडतात. कोकणात त्यांनी नवस हा शब्द आणि रीत सांभाळली, पण नवसाचे तोंड एकाच देवाकडे ठेवले. काम झाले की ‘मलिदा’ करतात: पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची, सुका मेवा आणि सोबत फळे, त्यावर आशीर्वचने आणि एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची, आठवण. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एलियाहूचे स्थान मानतात आणि नवस तिथेही फेडतात. वेदी नाही, म्हणून बळी नाही. पण जमलेल्यांना वाटून लगेच संपवणे हे उपकारस्तुतीच्या अर्पणाचेच लक्षण आहे. मुंबईत सॅम्युएल स्ट्रीटवरचे शअर हारहमीम हे सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) १७९६ चे. सामुएल एझीकेल दिवेकर म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटून आले आणि ते बांधून त्यांनी आपला नवस फेडला, असे परंपरा सांगते.

वसई किंवा गोव्याकडचा कॅथलिक वाचक असेल तर त्याला १९८३ चा कॅनन कायदा लागू होतो. खाजगी नवसाच्या बदल्यात तितकेच किंवा त्याहून चांगले काम माणूस स्वतःच घेऊ शकतो. कमी करायचे असेल तर पॅरिशच्या धर्मगुरूकडे किंवा बिशपकडे जावे लागते, आणि योग्य कारण असेल तर ते सूटही देऊ शकतात. लेवीय २७:१० मधली ‘चांगल्यासाठीही बदल नाही’ ही कडकपणाची रेघ इथे सैल झालेली दिसेल.

आता तुमचा महिन्याचा पगार. कोणता पगार? नवसात शब्दाचा अर्थ लोकांच्या बोलीप्रमाणे घ्यायचा, हा तालमुदाचा नियम आहे. तुमच्या घरात ‘पगार’ म्हणजे खात्यात जमा होते ती रक्कम असेल तर तीच; कागदावरचा एकूण आकडा धरायची गरज नाही. कधीचा? शब्द मोघम असला की कडक बाजू धरायची आणि बोलणाऱ्याने खुलासा केला तर तो मानायचा, असे मिश्ना म्हणते. तेव्हाचा पगार मनात होता हे नक्की आठवत असेल तर तेव्हाचा. आठवत नसेल तर मिश्नेच्या मनाहोत या भागातली रीत वापरा: नेमके काय बोललो हे विसरलेला माणूस ‘एवढे मी नक्कीच म्हटले नव्हते’ असे म्हणता येईपर्यंत देत जातो. तेव्हाचा आणि आजचा यांत जो मोठा तो दिला की हा प्रश्न संपतो.

‘देवाला’ म्हणजे कुणाला? मंदिर नसल्यापासून ज्यू परंपरेत अशा शब्दांचा अर्थ गरीब किंवा सिनेगॉग असा घेतात. गरिबाला द्यायचे ठरले तर तीन सणांचीही सवलत उरत नाही. एकरकमी जमत नसेल तर हप्ते करा, पण पहिला हप्ता याच महिन्यात द्या आणि उरलेला आकडा लिहून ठेवा. नेहमीच्या दशमांशातून किंवा ठरलेल्या देणगीतून तो वळवू नका. मध्यंतरी पैसे वेगळे काढून ठेवले आणि अडचणीत खर्च झाले असतील तर तेवढे परत घाला. वाटप करणाऱ्याच्या हाती जाण्याआधी दानाचे पैसे उसने घेता येतात असे तालमुद मानते, म्हणून त्यावर पाचवा हिस्सा चढत नाही. आणि खरोखर ऐपत उरली नसेल, नोकरी गेली असेल, कर्ज अंगावर असेल, तर स्वतःशी तडजोड करू नका. जाणकार तिघांसमोर किंवा आपल्या धर्मगुरूंसमोर बसून वाक्य जसेच्या तसे सांगा आणि आकडा त्यांना ठरवू द्या. पैसे एकदा वाटप करणाऱ्याच्या हाती गेले की मात्र सुटकेचे दार बंद होते, त्यामुळे विचारायचे असेल तर देण्याआधी विचारा.